डोंगर एक, पाऊस एक, मग झाडी वेगवेगळी का?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत, त्या आधी सुट्या करतो. तुमचा डोंगर सह्याद्रीच्या ऐन पावसाच्या पट्ट्यातला. माथ्यावर उघडा सडा, म्हणजे सपाट कातळ, त्याखाली कडा, कड्याच्या पायथ्याशी आडवा हिरवा पट्टा, आणि त्याखालच्या उतारावर एका अंगाला झाडी तर दुसऱ्या अंगाला नुसतं गवत. पाऊस सगळीकडे सारखाच, मग असं का, हा पहिला प्रश्न. दगड कोणता हे कळलं तर तिथे काय उगवेल ते सांगता येईल का, हा दुसरा. आणि तिसरा, जो मला वाटतं तुमचा खरा प्रश्न आहे: तुमच्या गटानं सड्यावर दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, खालून माती आणून भरली, रोपं लावली, तीन मीटर पाऊस पडणाऱ्या जागी ती पहिल्याच उन्हाळ्यात का गेली?

मी वनस्पतींच्या सर्वेक्षणाचं काम करतो, बऱ्याचदा भूजलवाल्या मंडळींबरोबर. त्यांच्या संगतीत एक सवय लागली. नव्या डोंगरावर गेलो की किती पाऊस पडतो हे मी फार विचारत बसत नाही. पडलेलं पाणी मार्च महिन्यात कुठे असतं, ते आधी शोधतो. आपल्याकडे चार महिने सगळीकडेच हिरवं असतं. झाडांची निवड होते ती उरलेल्या आठ महिन्यांत.

आधी मेलेल्या रोपांचा हिशोब करू, कारण बाकीचं बरंचसं त्यातून उलगडतं. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा म्हणजे साधारण २१६ लिटर जागा. चांगली पोयट्याची माती भरली तरी मुळांना ओढून घेता येईल असं पाणी तिच्या आकारमानाच्या साधारण १५ टक्के धरा. बाकीचं एकतर निथळून जातं, नाहीतर मातीच्या कणांना इतकं घट्ट धरून बसतं की रोपाला ते मिळत नाही. म्हणजे पाऊस थांबताना त्या खड्ड्यात रोपाच्या वाट्याला तीस-बत्तीस लिटर पाणी. ऑक्टोबर ते मे, जवळपास २४० दिवस, त्यावर काढायचे. रोजचं जेमतेम अर्धा पेला, आणि त्यातलंही वरच्या थरातून उन्हानं उडून जाणारं वेगळंच. वरून तीन मीटर पाऊस पडो की सहा मीटर, खड्डा तेवढाच राहतो. जास्तीचं पाणी सड्यावरून वाहून कड्याखाली जातं.

आणि पावसाळ्यातही त्या रोपाचं बरं चाललेलं नसतं. अखंड कातळात घेतलेल्या खड्ड्याला तळातून निचरा नसेल तर त्याचा हौद होतो. जुलै-ऑगस्टमध्ये खालची मुळं पाण्यात गुदमरून कुजतात, जगतात ती वरची चार बोटं. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की आधी सुकतं ते तेवढंच. रोप मेलेलं आपल्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतं, पण ते मरायला ऑगस्टमध्येच लागलेलं असतं. म्हणून पहिल्या हिवाळ्यात टँकरनं पाणी घातलं तरी बऱ्याच ठिकाणी उपयोग होत नाही.

मग शेजारच्या उतारावर चाळीस फुटी जांभूळ कसा उभा आहे? त्याच्या बुडाशी तरी माती कुठे फार असते! रस्त्यासाठी उतार कापलेला असेल तिथे जाऊन बघा. वर वीतभर माती, तिच्याखाली हातानं फुटणारा मुरूम, त्याखाली गोल गोल पापुद्रे सुटलेला अर्धा कुजका दगड, आणि त्याच्या फटीफटींतून खाली गेलेली केसाळ मुळं. ती कित्येक मीटर उतरलेली असतात. मातीची खोली मोजून झाडाचं भवितव्य ठरवायला गेलं की हिशोब चुकतो तो इथेच. मोजायची ती मुळांना शिरता येईल अशी खोली, माती आणि कुजलेला खडक दोन्ही मिळून. तुमच्या सड्यावर ती दोन फूट, तीही तुम्ही खोदली म्हणून. उतारावर ती आठ-दहा पट असू शकते, कुणी न खोदता.

आता डोंगराच्या रचनेकडे वळतो. सह्याद्रीचा हा भाग लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. धूप होऊन उरलेला त्याचा विस्तार आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. थर जवळजवळ आडवे आहेत, पण सगळे एका जातीचे नाहीत. काही घट्ट आणि काळेकभिन्न. विहिरी खोदणारे त्याला काळा पाषाण म्हणतात. निवताना त्याला उभ्या भेगा पडल्या. त्या भेगांवरून दगडाचे मोठे तुकडे सुटतात आणि मागे कडा उभाच्या उभा राहतो. काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी झिओलाइटची खनिजं भरली. हा दगड सहसा लवकर कुजतो. त्यामुळे त्याच्या जागी उतार सौम्य होतो आणि डोंगराच्या अंगाला पायरी पडते. डोंगर भटकणारे तिला पदर म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबडा, मातकट थर सापडतो. एक लाव्हा निवून दुसरा यायच्या मधल्या काळात वरचं तोंड कुजलं, आणि पुढच्या लाव्हानं ते भाजून काढलं, त्याचा तो थर.

पाणी या रचनेतून कसं जातं ते पाहा. सड्यावर पडलेलं काही पाणी काळ्या पाषाणाच्या उभ्या भेगांतून खाली उतरतं. खाली चिकट तांबडा थर किंवा भेगा नसलेला दगड लागला की त्याला पुढे वाट मिळत नाही, ते आडवं वळतं आणि कड्याच्या तळाशी बाहेर येतं. फेब्रुवारीत एकदा कड्याच्या बुडाला जाऊन उभे राहा. वरचा सगळा कडा करडा, कोरडा खडखडीत. पायथ्याला मात्र एक काळपट रेघ दिसेल. तिला धरून शेवाळ, मऊ नेचे, आणि दगडाच्या बेचक्यात गुडघाभर उंचीची उंबराची रोपटी. थेंब पडत नसतात, ओहोळ नसतो, पण हात लावला तर दगड गार लागतो आणि बोट ओलं होतं. ही रेघ कड्याबरोबर डोंगराला वळसा घालत जाते. तुमचा हिरवा पट्टा तिच्या खालचा आहे.

तो पट्टा असा आखल्यासारखा आडवा का, याचं उत्तर हेच. समोरच्या डोंगराकडे दुर्बिणीतून पाहिलंत तर तिथेही जवळपास त्याच उंचीवर झाडीची पट्टी सापडण्याची बरीच शक्यता आहे. दोन डोंगरांमधली दरी नंतर कोरली गेली. थर मुळात एकच होते. मी नव्या भागात गेलो की पहिल्या दिवशी चढतच नाही. समोरच्या डोंगरावरून हे पट्टे आधी वहीत काढून घेतो आणि मग कुठे चढायचं ते ठरवतो.

इथे थोडं सावध करतो. तांबडा थर दिसला म्हणजे पाणी, असं समीकरण मांडू नका. तो थर कधी वीतभर असतो, कधी अर्ध्यात संपतो, कधी स्वतःच भेगाळलेला असतो. काळ्या पाषाणालाही जवळ जवळ भेगा असतील तर तो भरपूर पाणी साठवतो आणि देतो. नसतील तर त्यावरून पाणी नुसतं घसरतं. दगडाचं नाव एकच, वागणूक दोन टोकांची. थर जवळजवळ आडवे असले तरी त्यांना किंचित कल असतो, आणि पाणी त्या कलाच्या बाजूला जास्त फुटतं. डोंगराच्या एका अंगाला चार झरे आणि दुसऱ्या अंगाला एकही नाही, हे पुष्कळ वेळा एवढ्याशा कलानं झालेलं असतं. शिवाय जुन्या भेगांमध्ये खालून वर घुसून निवलेल्या लाव्हाचे भिंतीसारखे उभे पट्टे असतात, डाइक म्हणतात त्यांना. ते कधी पाणी अडवतात, कधी स्वतः भेगाळलेले असले तर वाहून नेतात. उजाड माळावर झाडांची एकच सरळ रांग दिसली आणि ती ओढ्याकाठची नसेल, तर जमिनीखाली डाइक किंवा लांब भेग आहे का, ते मी तपासतो.

झाडांवरून पाणी ओळखायची ही रीत काही नवी नाही. वराहमिहिरानं सहाव्या शतकात भूजल शोधण्यावर एक अख्खा अध्याय लिहिला, त्यात झाडं आणि वारुळं यांच्या खुणा दिल्या आहेत. उंबर त्यात आहेच. त्यातली खोलीची मापं आज जशीच्या तशी घेऊ नयेत, पण निरीक्षणाची दिशा पक्की आहे.

कड्याखालच्या दगडधोंड्यांच्या उताराबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण लोक त्याला निकामी जमीन समजतात. वरून कोसळलेले धोंडे, मध्ये पोकळ्या, माती दिसतच नाही. पण ती माती आत असते, धोंड्यांच्या मधल्या सांदीत आणि सावलीत. वर दगडाचं पांघरूण असल्यानं ओल उडत नाही, कड्याचं झिरपलेलं पाणी आतून येत राहतं, वणवा सलग पसरायला गवत नसतं आणि गुरं पाय मोडायच्या भीतीनं आत शिरत नाहीत. जास्त पावसाच्या भागात अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा यांची सगळ्यात जुनी आणि जाड खोडं मला बहुधा अशाच उतारांवर सापडतात. याच्या बरोबर वर, उभ्या कड्यावर, वेगळीच मंडळी: भेगांत मुळं घातलेली वड-पिंपळाच्या कुळातली झाडं, आणि खबदाडात रानकेळ. रानकेळ पावसाळ्यात भली मोठी पानं पसरते, आणि उन्हाळ्यात वरचं सगळं वाळवून जमिनीतल्या गड्ड्यावर दिवस काढते.

आता दुसरा प्रश्न. दगड कळला तर झाडं सांगता येतील का? थोडीफार. ठोकळमानानं. बसाल्ट, म्हणजे आपला हा लाव्हाचा काळा दगड, काय आणि ग्रॅनाइट काय, यानं फरक नक्की पडतो. ग्रॅनाइट कुजून रेताड, आम्लाकडे झुकणारी माती होते. बसाल्ट कुजला की चिकण माती होते आणि तिच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. मध्य भारतात साग आणि साल यांची हद्द पाहिली की दगडाचा हात स्पष्ट दिसतो. दख्खनचा काळा दगड हा सागाचा मुलूख, साल तिथे सहसा उतरत नाही. पचमढीला वालुकाश्मावर साल आहे आणि त्याच टापूत काळ्या दगडावर साग, हे वनखात्यातली माणसं पूर्वीपासून सांगत आली आहेत. पण नियम म्हणून घ्यायला गेलात की अपवाद भेटतात. सागाला पाणी साचलेलं मुळीच खपत नाही. त्यामुळे दगड अगदी त्याच्या पसंतीचा असला तरी सखल, दलदलीच्या जागी तो नसतो.

त्याहून मोठी अडचण ही की दगड एकच असला तरी त्याची माती एक नसते. तुमच्याच डोंगरावरून खाली थेट नदीपर्यंत चालत या. दगड सगळीकडे बसाल्टच. माथ्यावर बऱ्याचदा त्याचा कुजून जांभा झालेला, मधल्या उतारावर मुरमाड तांबूस माती, आणि नदीकाठच्या सपाटीला काळी, भेगाळणारी भारी जमीन. उतारावरून धुपून आलेली बारीक माती आणि पाण्यात विरघळून आलेली द्रव्यं खाली साचतात, म्हणून ती काळी. माथ्यावरून तीच द्रव्यं लाखो वर्षं धुपून गेली, म्हणून तिथे जांभा. मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी १९३०च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या टेकड्यांवर अशी माथ्यापासून तळापर्यंतची मातीची साखळी दाखवून दिली. आपल्या शेतकऱ्याला हलकी, मध्यम, भारी या शब्दांत ती केव्हाची माहीत आहे. झाडंही त्या साखळीप्रमाणेच बदलतात. कोरड्या भागात खडकाळ धारेवर सालई, खाली काळ्या जमिनीत बाभूळ. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की फाटते. त्या ओढाताणीत पुष्कळ झाडांची कोवळी मुळं तुटतात, बाभूळ निभावून नेते.

रसायनाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. एखादी वनस्पती एखाद्याच दगडावर दिसते म्हणजे तिला तो आवडतो, असं आपण धरून चालतो. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९१७ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. गॅलियम या वनस्पतीच्या दोन जाती घेतल्या, एक चुनखडीवर वाढणारी आणि एक आम्ल मातीवर वाढणारी. वेगवेगळ्या लावल्या तर दोघीही दोन्ही मातींत जगल्या, परक्या मातीत जरा रोडावल्या एवढंच. एकत्र लावल्या तेव्हा मात्र जिची माती तिनं दुसरीला हटवलं. माती थेट मारत नाही, ती कुणाला तरी झुकतं माप देते. म्हणून बागेत निवांत जगणारं झाड डोंगरावर कुठेच दिसत नाही, आणि डोंगरावर खडकाला चिकटून राहिलेली जात चांगल्या मातीत लावली तर मजेत वाढते, जोवर तुम्ही भोवतालचं गवत काढत असता.

काही दगड मात्र खरोखर विषारी म्हणावे असे. सर्पेंटाइन या हिरवट खडकाच्या मातीत मॅग्नेशियम फार, कॅल्शियम कमी आणि निकेल भरपूर. तिथली झाडी खुरटी राहते, आणि जी टिकते त्यातली पुष्कळशी जगात दुसरीकडे नसते. पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निकेलमुळे निळसर हिरवा असतो; सुकवलेल्या चिकात वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत निकेल सापडलं आहे. तुमच्या डोंगरावर असलं काही नाही. तिथे रसायनाचा जोर दिसलाच तर तो जांभ्यावर, आणि त्यासाठी सड्यावर परत जावं लागेल.

तुमचा सडा जांभ्याचा की काळ्या दगडाचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओळखणं सोपं आहे. तांबूस, भोकाभोकांचा, पावसात पाणी पिणारा दगड असेल तर जांभा. काळा, घट्ट, फोडला तर धारदार कपची निघणारा असेल तर बसाल्ट. कास, पाचगणीचं टेबललँड हे जांभ्याचे. कोकणातले कितीतरी सडेही जांभ्याचेच. पाण्याच्या दृष्टीनं फरक महत्त्वाचा आहे. बसाल्टच्या सड्यावरचं पाणी बहुतेक वाहून जातं. जांभ्यात ते मुरतं, खालच्या चिकण मातीपाशी थांबतं आणि टोपीच्या कडेला झरे होऊन फुटतं. पण झाडांना खायला म्हणाल तर जांभ्यात फार थोडं उरलेलं असतं. पावसानं त्यातून सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम नेलेलं, राहिलेले लोह आणि ॲल्युमिनियम. आणि जो काही फॉस्फरस असेल तो या लोहाला बांधलेला.

सप्टेंबरच्या मध्यात सड्यावर गुडघे टेकून बसा आणि एक बारीक सळई हातात ठेवा. सळई जिथे टेकवताच दगडाला लागते तिथे काळी-करडी खपली दिसेल, ती नीलहरित जीवाणू आणि दगडफुलांची. नखभर माती आणि वरून सतत पाणी झिरपतंय तिथे सीतेची आसवे आणि गेंद. जरा शेजारी, तशाच ओल्या जागी, दवबिंदूची लाल चिकट पानं. सीतेची आसवे आणि दवबिंदू दोन्ही कीटकभक्षी, कारण मातीतून नत्र मिळत नाही. सळई बोटभर आत गेली की तेरडा, कवला आणि गवतं. वीतभर गेली की सोनकीचा पिवळा ताटवा. आणि सड्याच्या कडेला, जिथे माती हातभर होते आणि उतार सुरू होतो, तिथे कारवी. हे सगळं दहा-पंधरा पावलांत. तुम्हाला दुरून सपाट दिसणारा सडा या झाडांना मुळीच सपाट नाही; चार बोटांच्या खळग्यानं तिथली वस्ती बदलते. पाऊस गेल्यावर यातल्या पुष्कळ जाती बी टाकून मरतात, दीपकाडी, कंदीलपुष्प यांसारख्या कंदात लपतात, आणि ट्रायपोगॉनसारखी गवतं वाळून काडी होतात आणि पुढच्या जूनच्या पहिल्या सरीला त्याच पात्यांनी हिरवी होतात.

म्हणून सड्याला उजाड म्हणणं मला पटत नाही. तिथे झाडं नाहीत ती कुणी तोडली म्हणून नव्हे. बहुतेक जागी ती कधी नव्हतीच. आणि वरून माती आणून टाकली की नुकसान दुहेरी. रोपं जगत नाहीत ते आहेच. शिवाय ती माती पावसानं पसरते, उथळ खळगे भरतात, तिथे उंच गवत येतं, आणि नखभर मातीवर जगणारी आसवं-गेंद त्याच्या सावलीत टिकत नाहीत.

राहिला उतारांचा प्रश्न, एका अंगाला झाडी आणि एका अंगाला गवत. पहिलं संशयित दिशा. १८ अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर येतो, तोही दक्षिणेला. म्हणजे त्याहून उभ्या उत्तर उतारावर तेव्हा मध्यान्हीचं ऊन थेट पडतच नाही, आणि दक्षिण उतार मात्र दिवसभर तापतो. जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ढग असतात, त्यामुळे परतफेड होत नाही. हिवाळाभर दक्षिण अंगाची ओल आधी उडते. पश्चिम हिमालयात हा फरक इतका ठळक असतो की धारेच्या उत्तरेला देवदार आणि दक्षिणेला गवत. आपल्याकडे तो सौम्य आहे. आपल्याकडे पश्चिम अंगाला वाराही असतो. ऐन पावसात धारेवरची झाडं त्यानं छाटल्यासारखी खुजी होतात.

पण तुमच्या बाबतीत मी दिशेवर किंवा दगडावर खापर फोडायच्या आधी वणवा, गुरं आणि कोयता यांची चौकशी करीन. सह्याद्रीतले पुष्कळ गवताळ उतार दरवर्षी जळतात म्हणून गवताळ आहेत. गवतात वाकून पाहा: बुडाशी काळी पडलेली, पुन्हा पुन्हा फुटून गाठाळलेली खुंटं सापडली तर तिथे झाड येऊ पाहतंय आणि त्याला येऊ दिलं जात नाही. खुंटं मुळीच नसतील आणि सळई चार बोटांवर दगडाला लागत असेल, तर तो उतार आपल्या स्वभावानं गवताचा आहे. शक्य असेल तर जवळची देवराई शोधा, तुमच्या डोंगरासारखाच दगड, तीच उंची, तीच दिशा असलेली. कुऱ्हाड चालली नसती तर या जागेनं काय पेललं असतं, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. देवराई नसेल तर कड्यातला माणूस-गुरं न पोचणारा एखादा टप्पा दुर्बिणीतून पाहा.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: थरांची रचना पाणी कुठे फुटेल ते ठरवते, उताराची जागा माती किती आणि कसली साचेल ते ठरवते, दिशा ती ओल किती दिवस टिकेल ते ठरवते, आणि यातलं काय प्रत्यक्ष उभं राहील ते माणूस ठरवतो. दगडाचं रसायन या सगळ्याच्या मागे आहे, पण एकटं क्वचितच बोलतं.

आता तुमच्या गटानं काय करावं. सर्वेक्षणाला पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा सगळा डोंगर हिरवा असतो आणि काहीच कळत नाही. गूगल अर्थवर मागच्या काही वर्षांची एप्रिलची चित्रं काढा. त्यात जे हिरवं दिसतं, तिथे पाणी आहे. मग त्या जागी प्रत्यक्ष जा, सळईनं खोली तपासा, रस्त्याच्या किंवा ओढ्याच्या कापात मुरूम किती खोल आहे ते पाहा. लागवड पदरात आणि दगडधोंड्यांच्या उताराच्या खालच्या कडेला करा, सध्याच्या झाडीला लागून, म्हणजे सावली आणि बी दोन्ही आपोआप मिळतं. जाती बाहेरून आणू नका, त्याच पट्ट्यातल्या घ्या. गवताळ अंगाला खुंटं सापडली तर तिथे रोपं लावायची गरजच नाही. जाळरेषा काढा, चराई थांबवण्याबद्दल गावाशी बोला, आणि चार-पाच वर्षं तो तुकडा वणव्यापासून राखा. जुन्या मुळावरून फुटणाऱ्या झाडाला पाणी घालावं लागत नाही, त्याची मुळं आधीच खाली पोचलेली असतात.

सड्यावरची जी रोपं अजून तग धरून आहेत, ती पहिला चांगला पाऊस झाला की मातीच्या गड्ड्यासकट काढा आणि पदरात हलवा. खड्ड्यांतली आणलेली माती घमेल्यानं खाली न्या, तिथल्या रोपांभोवतीच्या आळ्यांत ती कामी येईल. खड्डे मात्र मातीनं बुजवू नका. खोदताना निघालेला जांभ्याचा किंवा कातळाचा चुरा बाजूलाच पडला असेल, तोच त्यात परत टाका.